उतार टिकणार की घसरणार, हे गणितात कसं ठरवतात

मातीच्या उताराची स्टॅबिलिटी तपासायची म्हणजे शेवटी एक भागाकार करायचा असतो. मातीत किती ताकद आहे ती वर लिहायची, उतार जागेवर राहायला किती ताकद लागतेय ती खाली, आणि भागायचं. जे उत्तर येतं त्याला फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणतात. १ आला तर उतार कसाबसा तोल सांभाळून उभा आहे, १ च्या खाली आला तर तो उभाच राहायला नको, आणि कायमचा भराव किंवा मातीचं धरण असेल तर साधारण १.५ मागतात, बांधकाम नुकतंच संपलंय अशा अवस्थेसाठी १.३ पर्यंत चालवून घेतात. एवढंच आहे. पण या एका भागाकारासाठी शंभर-दीडशे वर्षं लोक डोकं का खाजवतायत हे समजलं की मग सॉफ्टवेअरने दिलेला १.४७ बघून कोणी हुरळून जात नाही.

आधी वरचा आकडा, म्हणजे मातीची ताकद. माती ओढून तुटत नाही, ती घसरून तुटते, एक थर दुसऱ्या थरावरून सरकतो. हे सरकणं दोन गोष्टी अडवतात, एक कणांमधलं घर्षण आणि दुसरा चिकटपणा, म्हणजे कोहिजन. घर्षण वरून येणाऱ्या दाबावर अवलंबून, जितकं वजन जास्त तितकं घर्षण जास्त, चिकटपणा मात्र दाब असो नसो तेवढाच. कुलोम्ब नावाच्या फ्रेंच लष्करी इंजिनिअरने हे १७७३ मध्ये मांडलं आणि आजही जगातली बहुतेक सगळी उतारांची गणितं त्याच समीकरणावर चालतात.

आता पाणी. पाऊस पडला की माती ‘निसरडी’ होते म्हणून घसरते असं बहुतेकांना वाटतं, आणि ते चूक आहे. वाळूचे कण पाण्यात भिजले म्हणून त्यांचा घर्षणाचा कोन, म्हणजे कण एकमेकांना किती अडवतात ते सांगणारा आकडा, काही फारसा बदलत नाही. होतं काय, की कणांच्या मधल्या पोकळ्यांत पाणी भरतं आणि वरच्या वजनाचा काही भाग ते पाणीच उचलून धरतं. कण एकमेकांवर कमी दाबले जातात, म्हणून घर्षण कमी. टेरझागीने १९२० च्या दशकात हे नीट सांगितलं, एकूण दाबातून पाण्याचा दाब वजा करा, जो उरतो तोच कणांच्या वाट्याला येतो, आणि ताकद फक्त त्यावरच ठरते. अख्खं सॉइल मेकॅनिक्स, म्हणजे मातीच्या ताकदीचं शास्त्र, या एका वजाबाकीवर उभं आहे असं म्हटलं तरी चालेल.

सगळ्यात सोपी पद्धत घेऊन हे आकड्यांत बघू, कारण आकडे पाहिल्याशिवाय पाण्याची दहशत कळत नाही. समजा एक लांबच लांब उतार आहे, खाली कडक थर आणि त्यावर सारख्या जाडीची माती, आणि ती माती उताराला समांतर सरकायला बघतेय. याला इन्फिनाइट स्लोप म्हणतात. माती कोरडी असेल आणि चिकटपणा शून्य धरला तर फॅक्टर म्हणजे मातीच्या घर्षणकोनाचा टॅन (त्रिकोणमितीतला टॅन्जंट) भागिले उताराच्या कोनाचा टॅन, बस. घर्षणकोन ३२ अंश आणि उतार २५ अंश असेल तर ०.६२५ भागिले ०.४६६, म्हणजे १.३४. गंमत म्हणजे यात मातीची जाडी कुठेच येत नाही, थर अर्धा मीटर असो की पाच मीटर, उत्तर तेच. आता तोच उतार पावसाने वरपर्यंत भरला आणि पाणी उताराला समांतर वाहायला लागलं. भिजलेल्या मातीचं वजन घनमीटरला १९ किलोन्यूटन, पाण्याचं ९.८१, दोघांच्या वजाबाकीला १९ ने भागलं की ०.४८ येतं आणि १.३४ ला त्याने गुणायचं. उत्तर ०.६५! कोन तोच, माती तीच, आणि फॅक्टर अर्ध्याहून खाली.

पण मग इतके उतार पावसात टिकतात कसे? थोडासा चिकटपणा असतो म्हणून, आणि प्रत्येक पावसात पाणी वरपर्यंत भरत नाही म्हणून. वरच्याच उदाहरणात ५ किलोपास्कल चिकटपणा घाला, म्हणजे चौरस मीटरला जेमतेम अर्धा टन, आणि थर २ मीटर जाड धरा. चिकटपणाचा वाटा ०.३४ येतो, एकूण ०.९९. म्हणजे अगदी काठावर. थर १ मीटरच असेल तर एकूण १.३४, ३ मीटर असेल तर ०.८८. इथे मात्र जाडी मध्ये आली बघा, कारण जाडी वाढली की खाली ओढणारं वजन वाढतं पण चिकटपणा तेवढाच राहतो. झाडांची मुळं जो आधार देतात तोही गणितात असाच चिकटपणा म्हणून धरतात, आणि झाडं तोडल्यावर उतार लगेच न घसरता काही वर्षांनी घसरतो तो यामुळेच, मुळं कुजायला वेळ लागतो.

इन्फिनाइट स्लोप उथळ घसरणीसाठी मस्त आहे. पण रस्त्याचा भराव, कालव्याची बाजू, खोल खणलेला खड्डा, इथे माती वरवर सोलून निघत नाही, आतून खोलवरून वळत खाली येते. वरती माथ्यावर भेग पडते, तिथला भाग खचतो आणि खाली पायथ्याशी माती फुगून बाहेर येते. कॉलाँ नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १८४६ मध्येच कालव्यांच्या घसरणी मोजून लिहून ठेवलं होतं की चिकणमाती वक्र पृष्ठभागावरून घसरते, पण त्याच्याकडे पुढे कित्येक वर्षं फारसं कोणी बघितलं नाही. मग १९१६ मध्ये स्वीडनमध्ये गोथेनबर्ग बंदराचा स्टिगबर्ग धक्का घसरला, तिथे पेटरसन आणि हुल्टिन यांनी घसरणीचा पृष्ठभाग वर्तुळाचा तुकडा धरून हिशोब केला. स्वीडिश रेल्वेचं एक जिओटेक्निकल कमिशन तेव्हा आधीपासूनच कामाला लागलेलं होतं, फेलेनियस त्याचा अध्यक्ष, आणि ते काम चालू असतानाच १ ऑक्टोबर १९१८ ला गेटो इथे रेल्वेचा भराव घसरला, गाडी खाली आली, आग लागली, चाळीसहून जास्त माणसं गेली. कमिशनचा रिपोर्ट १९२२ मध्ये आला. आज जे स्लिप सर्कल, म्हणजे घसरणीचं वर्तुळ, आपण कंप्युटरवर एका क्लिकमध्ये काढतो त्याचं मूळ या स्वीडिश चिकणमातीत आहे.

वर्तुळ का, तर गणित सोपं होतं म्हणून. वर्तुळाचा तुकडा घसरतो तेव्हा तो केंद्राभोवती फिरतो, मग बल वगैरे सोडून द्या आणि फक्त केंद्राभोवतीचे मोमेंट, म्हणजे फिरवणारे जोर, मोजा. भिजलेल्या चिकणमातीवर झटकन भार आला तर आतल्या पाण्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, अशा वेळी घर्षणकोन शून्य धरून एकच ताकद वापरतात, अनड्रेन्ड स्ट्रेंग्थ. मग ताकद गुणिले कमानीची लांबी गुणिले त्रिज्या हे वर, आणि घसरणाऱ्या मातीचं वजन गुणिले केंद्रापासूनचं आडवं अंतर हे खाली, झाला फॅक्टर. कागद-पेन्सिलीवर होतं. टेलरने १९३७ मध्ये असली गणितं आधीच करून चार्ट बनवून ठेवले, उताराचा कोन आणि उंची घ्या आणि आकडा वाचा. ते चार्ट अजूनही उपयोगी आहेत, सॉफ्टवेअरचं उत्तर वेडंवाकडं तर नाही ना हे दोन मिनिटांत कळतं.

याच कुटुंबातला एक आकडा साइटवरच्या प्रत्येकाला पाठ असावा असं मला वाटतं. चिकणमातीत सरळ उभा खड्डा खणला तर तो आधाराशिवाय साधारण ४ गुणिले अनड्रेन्ड ताकद भागिले मातीचं दर घनमीटरचं वजन इतक्या खोलीपर्यंत उभा राहू शकतो. ताकद २५ किलोपास्कल आणि वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन धरलं तर ५.५६ मीटर. वाचून वाटतं अरे वा, भरपूर आहे. पण हा आकडा फॅक्टर १ चा आहे, म्हणजे कोसळायच्या क्षणाचा. त्यात वरच्या पृष्ठभागावर भेगा पडल्या की ४ च्या जागी २.६७ येतात, खोली ३.७ मीटर. भेगेत पाणी भरलं तर अजून कमी, काठावर खणलेल्या मातीचा ढीग टाकला तर त्याहून कमी. सकाळी उभी असलेली भिंत दुपारी आत काम करणाऱ्यांवर का येते ते यात आहे.

पण प्रत्यक्षातल्या मातीत घर्षण असतं, पाच वेगवेगळे थर असतात, पाण्याची पातळी तिरपी असते. घर्षण आलं की घसरणीच्या पृष्ठभागावर प्रत्येक ठिकाणी किती दाब आहे ते हवं, आणि तो जागोजागी वेगळा. मग उपाय असा काढला की घसरणारा तुकडा उभ्या स्लाइसमध्ये कापायचा, वीस-तीस स्लाइस, आणि प्रत्येक स्लाइसच्या तळाचा हिशोब वेगळा करायचा. इथे खरी अडचण सुरू होते. प्रत्येक स्लाइससाठी समतोलाची तीन समीकरणं मिळतात, आडवं बल, उभं बल आणि मोमेंट. पण प्रत्येक स्लाइस शेजारच्या दोन स्लाइसना ढकलत असते, ती बलं किती, कुठल्या कोनात, कुठल्या उंचीवर, हे सगळं अज्ञात. अज्ञात जास्त, समीकरणं कमी. म्हणजे काहीतरी गृहीत धरल्याशिवाय उत्तर निघणारच नाही, आणि इतक्या नावांच्या इतक्या पद्धती आहेत त्याचं कारण एवढंच की कोणी काय गृहीत धरलं.

खचाखच भरलेल्या बसमधली माणसं डोळ्यांसमोर आणा, सगळे एकमेकांवर रेललेले असतात. फेलेनियसची पद्धत म्हणते की प्रत्येकजण आपापल्या पायावर उभा आहे, शेजाऱ्याचा धक्का धरूच नका. त्यामुळे हिशोब एका फटक्यात होतो, पण उत्तर सहसा कमी येतं, आणि उतार सपाट असेल, पाण्याचा दाब जास्त असेल तर फारच कमी येतं. धोकादायक नाही म्हणा, पण उगाच जास्त माती, जास्त खर्च. १९५५ मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या बिशपने सुधारणा केली, शेजाऱ्यांचा आडवा धक्का असू दे, वर-खाली घासणं तेवढं सोडून द्या, आणि प्रत्येक स्लाइसचा उभा समतोल पाळा. यात एक गोची आहे, फॅक्टर काढायच्या समीकरणात उजवीकडेही फॅक्टरच येतो. मग एक अंदाज धरायचा, समजा १.२, गणित करायचं, जे येईल ते परत घालायचं, तीन-चार फेऱ्यांत उत्तर स्थिर होतं. ज्याला हा विषय खरंच शिकायचाय त्याने एकदा स्प्रेडशीटमध्ये दहा स्लाइस घेऊन बिशप स्वतः करावा, मॅन्युअल वाचून जे डोक्यात जात नाही ते त्यात जातं.

बिशप वर्तुळासाठी. पृष्ठभाग वेडावाकडा असेल तर यानबूची पद्धत आहे, ती मोमेंट सोडून बलांचा समतोल बघते आणि शेवटी एका करेक्शन फॅक्टरने गुणते. मॉर्गनस्टर्न आणि प्राइस यांनी १९६५ मध्ये आणि स्पेन्सरने १९६७ मध्ये बल आणि मोमेंट दोन्ही पाळणाऱ्या पद्धती दिल्या. स्पेन्सर म्हणतो स्लाइसमधली सगळी बलं एकाच कोनात कललेली आहेत, तो कोन किती ते गणितच शोधून काढेल, आणि एवढ्या एका गृहीतकाने अज्ञात आणि समीकरणं बरोबर जुळतात. मॉर्गनस्टर्न-प्राइसमध्ये तो कोन जागोजागी बदलू देता येतो. हाताने करायला नकोशा, कंप्युटरला काहीच नाही.

आणि इतकं सगळं करून फरक किती? वर्तुळाकार घसरणीत बिशप आणि या कडक पद्धतींच्या उत्तरात बहुतेक वेळा काही टक्क्यांचाच फरक असतो. स्पेन्सर वापरू की मॉर्गनस्टर्न-प्राइस यावर मीटिंगमध्ये अर्धा तास घालवणारे आणि पाण्याची पातळी अंदाजाने आखणारे तेच लोक असतात, तिथे मला वैताग येतो. पाण्याची रेघ एक मीटर वर सरकवून बघा, पद्धत बदलून जो फरक पडतो त्याच्या कितीतरी पट पडतो.

दुसरी चुकायची जागा म्हणजे पृष्ठभाग शोधणं. फॅक्टर काढतो तो एका ठराविक वर्तुळाचा, पण उतार काही आपण काढलेल्या वर्तुळावरूनच घसरेन असं म्हणत नाही, तो सगळ्यात कमकुवत वाट शोधतो. म्हणून सॉफ्टवेअर हजारो वर्तुळं तपासून सर्वात कमी फॅक्टरचं वर्तुळ देतं. पण ते आपण दिलेल्या मर्यादेतच शोधतं ना! मातीत कुठेतरी दहा सेंटिमीटरचा मऊ चिकणमातीचा पट्टा असेल तर खरी घसरण त्या पट्ट्यावरून सपाट जाते आणि टोकाला वर वळते, वर्तुळ तिथे बसतच नाही, ते पट्ट्याला नुसतं छेदून पलीकडे जातं. अशा ठिकाणी पृष्ठभाग पट्ट्यातून जबरदस्तीने न्यायला लागतो. आणि तो पट्टा बोअरहोलमध्ये, म्हणजे माती तपासायला पाडलेल्या भोकात, दिसलाच नसेल तर मग कुठलीच पद्धत वाचवत नाही.

हल्ली फायनाइट एलिमेंटने पण करतात. त्यात वर्तुळ नाही, स्लाइस नाहीत, पूर्ण उताराची जाळी करायची आणि मातीचा चिकटपणा आणि घर्षणकोनाचा टॅन दोन्ही सारख्या प्रमाणात कमी-कमी करत जायचं, जिथे मॉडेल सावरत नाही, विस्थापन एकदम पळायला लागतं, तिथे कितीने भागलं होतं तो फॅक्टर. ग्रिफिथ्स आणि लेन यांच्या १९९९ च्या पेपरनंतर हे खूप पसरलं. मोठा फायदा हा की घसरणीचा आकार आधी सांगावा लागत नाही, तो आपोआप उमटतो, आणि सोबत हालचालीचा अंदाज मिळतो. रंगीत चित्रही छान येतं, त्याचाच धोका, कारण चित्र बघून लोक प्रश्न विचारायचे थांबतात. साध्या उतारावर उत्तर बिशपच्या जवळपासच येतं, लांब गेलं तर आधी कोणी इनपुट चुकवलंय का ते बघायचं.

आता वेळेचं प्रकरण, हे मला सगळ्यात रंजक वाटतं. मऊ चिकणमातीवर भराव टाकला तर सर्वात धोक्याचा काळ म्हणजे भराव पूर्ण झाला तो दिवस, कारण भाराने आत पाण्याचा दाब वाढलाय, तो हळूहळू निघून जाईल, माती घट्ट होईल, फॅक्टर वाढत जाईल. कटिंगमध्ये, म्हणजे माती खणून केलेल्या उतारात, नेमकं उलटं. माती खणून काढली की वजन हलकं होतं, आतल्या पाण्याचा दाब कमी होतो, कधी तर ऋण होतो, म्हणजे शोषून धरल्यासारखी माती तात्पुरती मजबूत वाटते. मग महिने, वर्षं पाणी हळूहळू आत ओढलं जातं, माती फुगते, मऊ होते. लंडन क्ले, म्हणजे लंडनखालच्या चिकणमातीमधली रेल्वेची कटिंग कित्येक दशकांनी घसरली ती अशीच. म्हणजे भराव एक वर्ष टिकला तर निश्वास सोडायला हरकत नाही, कटिंग एक वर्ष टिकलं याला फारसा अर्थ नाही. म्हणून एकाच उताराची दोन गणितं लागतात, एक तत्काळचं अनड्रेन्ड आणि एक दीर्घकाळचं ड्रेन्ड, म्हणजे पाण्याला हलायला पुरेसा वेळ मिळाल्यानंतरचं, आणि चुकीच्या अवस्थेचं गणित कितीही भारी पद्धतीने केलं तरी चुकीचंच.

धरणांत याचा अजून एक प्रकार, रॅपिड ड्रॉडाउन. जलाशयाचं पाणी भराभर उतरवलं की उताराला बाहेरून टेकू देणारं पाणी गेलं, पण मातीच्या आतलं तिथेच अडकलेलं. कॅलिफोर्नियातल्या सॅन लुईस धरणाचा पाण्याकडचा उतार १९८१ मध्ये असाच पाणी उतरवताना घसरला, आणि ते धरण तोपर्यंत बरीच वर्षं व्यवस्थित चाललेलं होतं.

भूकंपासाठी साधी पद्धत म्हणजे मातीच्या वजनाचा काही टक्के आडवा जोर कायमचा लावून फॅक्टर काढायचा. पण भूकंपाचा जोर कायमचा नसतो, क्षणात इकडे क्षणात तिकडे. न्यूमार्कने १९६५ मध्ये विचारलं की फॅक्टर क्षणभर १ खाली गेला तर काय बिघडलं, किती सरकलं ते मोजा. मग घसरणारा तुकडा उतारावरचा ठोकळा समजून धक्क्याच्या ज्या-ज्या क्षणी मर्यादा ओलांडली तेवढ्याच क्षणांची सरक जोडत जायची, पाच सेंटिमीटर आली तर ठीक, दोन मीटर आली तर नाही. भिजलेली सैल वाळू असेल तर मात्र हे लागूच नाही, तिथे मातीची ताकदच जाते, तो वेगळा विषय.

आता राहिला ताकदीचा आकडा, जो लॅबमधून येतो आणि ज्यावर सगळे डोळे मिटून विश्वास ठेवतात. चिकणमाती सरकवत नेली की ताकद आधी शिखराला जाते, मग उतरते, आणि खूप सरकवल्यावर चपटे कण एका दिशेला लोळून पृष्ठभाग गुळगुळीत होतो, घर्षणकोन २० अंशांवरून १० च्या आसपास सुद्धा येऊ शकतो. स्केम्प्टनने १९६४ मध्ये हे रेसिड्युअल, म्हणजे शेवटी उरलेल्या, ताकदीचं प्रकरण ठळकपणे मांडलं. म्हणजे जिथे पूर्वी कधीतरी घसरण झालीय, अगदी हजारो वर्षांपूर्वी, तिथे मातीची शिखर ताकद वापरणं म्हणजे स्वतःला फसवणं, ती तिथे शिल्लकच नाही. शिवाय फॅक्टरचं गणित असं मानतं की पृष्ठभागावरची सगळी माती एकाच क्षणी पूर्ण ताकद लावते, प्रत्यक्षात एका टोकाची माती शिखर ओलांडून थकलेली असते तेव्हा दुसरं टोक अजून कामालाच लागलेलं नसतं.

आणि आकड्यात चढउतार असतातच, म्हणून काहीजण एकच फॅक्टर न काढता ताकद आणि पाणी थोडं-थोडं बदलत हजारो वेळा गणित चालवतात आणि कितीदा उत्तर १ च्या खाली गेलं ते मोजतात. त्यातून दिसतं की नीट तपासलेल्या मातीतला १.३ हा अंदाजपंचे मातीतल्या १.५ पेक्षा सुरक्षित असू शकतो.

उतार घसरल्यावरचं गणित उलटं चालतं. घसरला त्या क्षणी फॅक्टर १ होता हे नक्की माहीत असतं, मग त्यावरून मागे येत ताकद काढायची, याला बॅक अ‍ॅनालिसिस म्हणतात. लॅबच्या मुठीएवढ्या नमुन्यापेक्षा हा अख्ख्या उतारावर झालेला प्रयोग असतो, त्यामुळे दुरुस्तीचं डिझाइन बहुतेक यावरच बसवतात. फक्त एका घसरणीतून एकच समीकरण मिळतं, आणि चिकटपणा थोडा वाढवून घर्षण थोडं कमी केलं तरी उत्तर १ च येतं, म्हणून दोघांपैकी एक दुसरीकडून आणावं लागतं. शिवाय घसरला त्या दिवशी पाणी नेमकं कुठे होतं ते हवं, आणि घसरल्यानंतर बसवलेला पिझोमीटर, म्हणजे मातीतल्या पाण्याचा दाब मोजणारं यंत्र, ते सांगू शकत नाही.